शेंदराखालचे पंख

सन १८८६ची गोष्ट. होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी कल्याणच्या बंदरावरून होडीत बसलो तो एका दगडासाठी. सोनं नाही, गुप्तधन नाही, दगड! तो दगड मिळाला नाही तर माझी नोकरी जाणार होती. नोकरीचं एक वेळ सोडा, पण अख्ख्या गावात मी लबाड ठरणार होतो, आणि ते मला मरणाहून जड होतं.

मी तेव्हा कल्याणच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. नाव परशुराम, आणि राग नावाला शोभेल असा. पोरांनी रेघ वाकडी काढली की पट्टी आधी टेबलावर आपटायची आणि मग बोलायचं, अशी माझी पद्धत.

या भानगडीची सुरुवात तुळसाने केली. तुळसा रेल्वेच्या इंजिनखान्यात कोळसा निवडायच्या कामावर होती. चांद्याकडच्या खाणीतून कोळसा यायचा, त्यात पाटीसारखे चपटे काळे दगड मिसळलेले असायचे. ते जळत नाहीत, उलट भट्टी कोंदतात, म्हणून बायका ते वेचून बाजूला टाकायच्या. दोन वर्षांपूर्वी तुळसाने असला एक तळहाताएवढा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, दगडात माशी बसलेय बगा."

भिंगातून पाहिलं आणि माझी मतीच गुंग झाली. तांदळाच्या दाण्याएवढा किडा! पाय पुसट, पण पंख असा लख्ख की त्याच्या शिरा मोजून घ्याव्यात. हा किडा दगडाच्या पोटात शिरला कसा? चिखल असताना अडकला असणार, आणि त्या चिखलाचा दगड व्हायला किती युगं गेली असतील याचा हिशेब मला लागेना. मी रात्रंदिवस खपून त्याचं मोठं चित्र काढलं, चार पंखांचं, देखणं. मुंबईला एक साहेब किड्यांचा मोठा अभ्यासक होता. चित्र आणि तुकडा दोन्ही त्याला पाठवून दिलं.

उत्तर यायला दीड वर्ष लागलं. साहेबाने लिहिलं होतं की हा किडा कुणा हुशार माणसाने सुईने कोरलेला दिसतो, आणि असल्या फसवणुकीत शाळामास्तराने पडू नये. वर त्याची नक्कल आमच्या हेडमास्तरांना! हेडमास्तरांनी मला बोलावून आठ दिवसांची मुदत दिली. पुरावा आणा, नाहीतर राजीनामा. बाजारात मला 'माशीमास्तर' म्हणायला लागले. भाजीवालीसुद्धा पदराआड हसायची. माझा असा काही संताप झाला की तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

शेवटी तुळसाच धावून आली. तिचं म्हणणं, तो तुकडा एका मोठ्या लादीचा टवका होता. लादी पाट्याएवढी, आणि तिच्यावर आणखी माश्या होत्या, तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. टाकाऊ दगड तिचा दीर पंढरी होडीत भरून न्यायचा, खाडीतल्या एका बेटावरच्या मिठागराच्या बांधाला भर घालायला. लादीही तिकडेच गेली होती. एवढी लादी सुईने कोरायला मला दहा जन्म लागले असते, हे साहेबालाही कळलं असतं. म्हणून आम्ही तिघं निघालो.

निघायला तासभर उशीर झाला, तो माझ्यामुळे. मी हेडमास्तरांना 'येतोच पुरावा घेऊन' असं ठणकावून सांगायला शाळेत गेलो होतो. ओहोटीला पाणी कुणासाठी थांबत नाही, हे पंढरीने मला दोनदा सांगितलं. पंढरी मोजकं बोलणारा, आयुष्य मिठागरात गेलेला आगरी माणूस. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही, वल्ही उचलली आणि होडी सोडली.

ओहोटीबरोबर होडी झपाट्याने निघाली. मागे मलंगगडाचा सुळका उन्हात धुरकट झाला होता, समोर पारसिकचे डोंगर हळूहळू वर येत होते. डाव्या काठाला डोंबिवलीची शेतं आणि चार-दोन कौलं, आणि त्याच्या अलीकडे मैलच्या मैल तिवरांचं रान. तिवरांच्या मुळाशी चिखलातून बोटाएवढी टोकं हजारोंनी वर आलेली, त्यांतून लाल नांगीचे खेकडे पळत होते. माणूस नाही, आवाज नाही, फक्त चिखलातून बुडबुडे फुटल्याचं बारीक चटचट ऐकू यायचं. शाळेपासून दोन कोसांवर असं जंगल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डोंबिवली मागे पडली, खाडीने वळण घेतलं, आणि बेट दिसलं. मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. आणि तेवढ्यात होडीचा तळ चिखलाला टेकला. पाणी आमच्या खालून निघूनच गेलं!

बेट दोनशे पावलांवर होतं. पंढरी म्हणाला, आता भरती येईपर्यंत बसायचं, चार-पाच तास. तुळसाने डोक्यावर पदर घेतला आणि निवांत बसली. मी घटकाभर बसलो, दुसरी घटका कशीबशी काढली. ऊन टाळूत शिरत होतं, बेट समोर दिसत होतं, आणि आठातले सहा दिवस उलटून गेले होते. मला राहवेना. चित्रांच्या कागदांची पिशवी गळ्यात अडकवली, धोतर खोचलं, आणि पंढरी 'नको' म्हणायच्या आत मी खाली उडी मारली.

पहिली दहा पावलं गुडघाभर चिखल. मनात म्हटलं, हे लोक उगीच घाबरतात. अकरावं पाऊल टाकलं आणि मी मांडीपर्यंत गेलो. पाय उपसायला गेलो तर दुसरा पाय खाली गेला. जोर केला. कमरेपर्यंत! चिखल गार होता आणि चहूबाजूंनी आवळत होता. मी हातपाय झाडले. छातीपर्यंत!

"मास्तर, हलू नका." पंढरीचा आवाज शांत होता. तो पोटावर आडवा पडून, दोन वल्ही चिखलावर टाकून, त्यांच्यावरून सरपटत माझ्याकडे येत होता. मागून तुळसा, तशीच पोटावर, पुढे आपली कोळशाची रिकामी पाटी ढकलत. पाटी तिने माझ्या छातीपुढे पालथी घातली आणि मला तिच्यावर अंग टाकायला लावलं. मग पंढरीने माझ्या काखेत हात घातले. एक पाय सुटायला अर्धा तास लागला. दुसरा सुटला तेव्हा माझ्या वहाणा खाडीला अर्पण झाल्या होत्या आणि पिशवीतल्या कागदांचा लगदा झाला होता. मी होडीत परत आलो. तुळसा मला रागावली नाही, नुसतं तोंड धुवायला पाणी दिलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

भरती आली तशी होडी तरंगली आणि दिवेलागणीला आम्ही बेटाला लागलो. बेटावर पंढरीची आत्या आवडाबाई राहायची. साठीच्या पुढची, काटक, मिठाने पायाचे तळवे पांढरे पडलेली. नवरा गेल्यापासून हे मिठागर ती आणि चार गडी बघायचे. गडी होळीला गावी गेले होते. माझा चिखलाचा अवतार बघून तिने आधी भाकरी वाढली. मी लादीबद्दल विचारलं.

"हाय ना," ती म्हणाली. "तो देव हाय."

झालं होतं ते असं. होडीतून दगड उतरवताना तिला लादीवरचे पंख दिसले. तिने विचार केला, एवढ्याशा जिवांना ज्या दगडाने इतकं घट्ट धरून ठेवलंय तो बांधही धरील. उघाडीजवळ, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराजवळ, बांध दरसाल फुटायचा. तिथे तिने लादी उभी केली आणि शेंदूर लावला. त्या साली बांध फुटला नाही. मग दर अमावास्येला तेल, शेंदूर आणि तिवरातल्या पोळ्याचं मेण एकत्र करून ती त्याला लेप द्यायला लागली. दोन वर्षं हे चाललं होतं.

उजाडताच मी बांधावर गेलो. उघाडीशेजारी लालभडक गोळा उभा होता, वर चांदीचे दोन डोळे. पंख नाही, शीर नाही, काही नाही. माझा पुरावा बोटभर शेंदराखाली! मी खिशातला चाकू काढला. पाती लागणार एवढ्यात पंढरीने माझं मनगट धरलं.

"कवच तो सोडील तवा सोडील," मागून आवडाबाई म्हणाली. "चाकू लावायचा नाय."

मी तिला नाही नाही ते बोललो. माझी भाकरी जातेय, माझी अब्रू जातेय आणि तू एका गोळ्यापायी मला अडवतेस, असं म्हणालो. तू अडाणी आहेस, असंही म्हणालो. माझं संपल्यावर ती लांब दांड्याचं फावडं उचलून मीठ ओढायला निघून गेली. मी बांधावरच धुमसत बसलो. एकच दिवस उरला होता.

होळीची पुनव म्हणजे उधाणाची भरती. सकाळपासून पाणी चढत होतं ते दुपार झाली तरी थांबेचना. तिवरांची मुळं बुडाली, मग बुंधे बुडाले, मग नुसते शेंडे पाण्यावर डुलायला लागले. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर उरलं तेव्हा तुळसाची हाक आली. देवाच्या पायाशी, आतल्या बाजूने, करंगळीएवढी धार लागली होती. खेकड्याचं बीळ!

बघता बघता धार मनगटाएवढी झाली. बांधाची माती ढासळली आणि देव बाहेरच्या बाजूला, खाडीकडे कलला. तो पडला असता तर त्याच्याबरोबर चार हात बांध गेला असता, आणि आत वर्षभराचं मीठ होतं. पंढरी आत चिखलाचे गोळे टाकत होता. आवडाबाई पोत्यांत माती भरत होती. तुळसा तिवराच्या फांद्या तोडून आणत होती. बाहेरून दगडाला धरायला कुणीच नव्हतं.

मी खाडीत उतरलो. कालचा चिखल डोळ्यांपुढे होता, तरी उतरलो. पाणी छातीला लागलं. लादीला मिठी मारली, पाय तळाशी रोवले आणि रेटा दिला. पाण्याने मला उचललं. पुन्हा रोवले. खांदा लावला. आत पंढरी ओरडत होता, सोडू नका, अजून थोडं, अजून थोडं! लाटा तोंडावर येत होत्या. खारट पाणी नाकात गेलं. हात बधिर झाले. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण ऊन माथ्यावरून ढळलं तोवर मी त्या दगडाला छातीशी धरून होतो, आणि आपण हा कशासाठी धरलाय याचा मला खरोखर विसर पडला होता.

"धार बसली," पंढरी म्हणाला. पाणी माथ्याला चार बोटं कमी असताना थबकलं. मी हात सैल केले, आणि माझ्या छातीला काहीतरी चिकटून आलं. उन्हाने मऊ झालेलं, मिठीने सुटलेलं शेंदराचं कवच, अख्खंच्या अख्खं, सुपाएवढं! दोन्ही हातांनी धरून ते मी बांधावर ठेवलं आणि वर चढलो.

आतली बाजू वर आली होती. तिच्यावर पंखांचे ठसे होते. लादीकडे पाहिलं, तिच्यावर तेच पंख, काळे, नितळ. एक नाही, दोन नाही, बारा किडे!

आवडाबाईने हात जोडले. "देवानं कवच सोडलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने रीत सांगितली. उघडा देव फार वेळ उघडा ठेवायचा नाही. पाणी उतरायला लागलं की नवा लेप द्यायचा आणि जुनं कवच ओहोटीबरोबर खाडीला सोडायचं. "तंवर बगा तुमी. डोळं भरून बगा."

कागद नव्हते. मी खांद्यावरचं उपरणं पिळून बांधावर पसरलं, तुळसाने चुलीतला विझका कोळसा आणून दिला, आणि गळ्यातलं भिंग लादीला लावलं. पहिला किडा पाहिला. दुसरा पाहिला. तिसऱ्यापाशी माझा हात थांबला.

मागचे पंख पुढच्या पंखांएवढेच होते. तीच लांबी, तोच आकार, तशाच मोजक्या साध्या शिरा. बाराही किड्यांचे तसेच.

माझ्या चित्रात ते लहान होते. कारण माझ्याजवळच्या तुकड्यात मागचे पंख दिसतच नव्हते, त्यांच्यावर दगडाचा पातळ पापुद्रा होता. पण अर्धवट चित्र पाठवणार कोण? पोरांना मी जन्मभर शिकवत आलो की आकृती पुरी करा. मी मधमाशीचे पंख डोळ्यांपुढे आणले आणि मागचे दोन छोटे पंख आपल्या मनाने काढून दिले. पत्रात त्याचा उल्लेख केला नाही. करायचं सुचलंही नाही. साहेबाचा जन्म किड्यांत गेलेला, त्याला ते उसने पंख तिथल्या तिथे खटकले असणार. मी कोरलं नव्हतं, पण खोटं मी पाठवलं होतंच.

इतके दिवस मी ज्या रागावर जगत होतो तो एकदम ओसरला आणि मला रडू आलं. पंढरी तोंड फिरवून उभा राहिला.

तुळसा माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "कवच घ्या, मास्तर. आत्याला मी सांगते, लाटेनं गेलं." एका पिशवीत मावलं असतं. एवढा एक ठसा साहेबापुढे टाकला असता की त्याचं तोंड बंद झालं असतं. माझा हात त्याच्याकडे गेला, हे मी लपवत नाही. पण उद्या बांधाला काही झालं असतं तर आवडाबाईने देवाचं कवच विकलं असं गाव म्हणालं असतं. माझ्यावरचा डाग मी त्या म्हातारीला लावला असता. आणि साहेब मला जे म्हणाला होता, ते मग अक्षर न् अक्षर खरं झालं असतं.

मी उपरण्यावर बारा किडे काढले. जे दिसलं तेवढंच काढलं. पाणी उतरायला लागलं तेव्हा कवच स्वतः उचलून खाडीत सोडलं. लाल ठिपका तिवरांच्या शेंड्यांमधून लांब लांब जात राहिला. आवडाबाईने नवा लेप द्यायला घेतला. मी सकाळच्या बोलण्याची माफी मागितली, तर ती म्हणाली, तेलाची वाटी पुढं करा.

कल्याणला आल्यावर मी साहेबाला नवं चित्र पाठवलं आणि सगळं लिहिलं. मागचे पंख मी मनाने काढले होते, तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. मात्र तुमच्याजवळच्या तुकड्यावर उजवीकडे जो पापुद्रा आहे तो सावकाश उडवा. खाली मागचे पंख असले, तर ते पुढच्यांएवढेच निघतील. हेच हेडमास्तरांनाही सांगितलं. त्यांनी पुरावा मागितला, मी म्हटलं, माझ्याकडे नाही. त्यांनी मला उत्तर येईपर्यंत बिनपगारी घरी बसवलं.

दीड महिना गेला. रोज टपालवाल्याची वाट बघायची आणि रोज हात हलवत परतायचं. मग पत्र आलं. साहेबाने पापुद्रा उडवला होता. पंख होते. पुढच्यांएवढेच! झाकलेलं कुणी कोरू शकत नाही, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली स्पष्ट शब्दांत माझी माफी मागितली होती. ते पत्र हेडमास्तरांनी सगळ्या मास्तरांपुढे मोठ्याने वाचलं. माझ्या कानांत इतकं रक्त चढलं होतं की मला अर्धंच ऐकू आलं.

पत्र घेऊन मी बेटावर गेलो, या वेळी भरती बघून. आवडाबाईला वाचून दाखवलं. माफीचं तिला काही वाटलं नाही. पण साहेबाने पुढे लिहिलं होतं की आज जिवंत असलेल्या कुठल्याच जातीत हे किडे बसत नाहीत. ही एक जात नव्हे, यांचं अख्खं कुळच पृथ्वीवरून नाहीसं झालंय. ते ऐकून तिचे हात थांबले.

"एक बी नाय ऱ्हायला?"

"एकही नाही."

ती उठून बांधावर गेली आणि देवाच्या अंगावर उडालेला चिखल पदराने पुसून आली.

पत्राच्या शेवटी साहेबाने एक विनंती केली होती. मोठी लादी मुंबईच्या संग्रहालयात पाठवावी, म्हणजे या किड्याचं रीतसर नामकरण करता येईल, आणि ते नाव माझ्या नावावरून ठेवायची त्याची तयारी होती. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं. आपण माझ्यावर विश्वास ठेवलात, मला सगळं मिळालं. लादी मात्र सध्या उल्हासच्या खाडीत कामावर आहे, आणि तिला रजा मिळण्यासारखी नाही.